झडत्या थांबल्या म्हणून न्यूयॉर्क बुडालं म्हणे!

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय. न्यूयॉर्कचे पोलीस रस्त्यात अडवून झडत्या घ्यायचे म्हणून शहर सेफ होतं, काळे लोक जास्त गुन्हे करतात म्हणून तेच जास्त अडवले गेले, आणि कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या जेफ्री फेगन या प्रोफेसरने नुसती लोकसंख्या बघून पोलिसांना रेसिस्ट ठरवलं, वगैरे.

शेवटचं आधी घेतो कारण ते धादांत खोटं आहे. या झडत्यांविरुद्धच्या खटल्यात फेगननी कोर्टात दिलेल्या रिपोर्टमध्ये त्या त्या भागातली गुन्हेगारी, गरिबी, तिथे लावलेले पोलीस सगळं धरलंय, तरी काळ्या-गोऱ्यांमधला फरक उरलाच.

बरं, "जास्त गुन्हे करतात" म्हणता, पण २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंत ४४ लाख वेळा लोकांना अडवलं, त्यातले निम्म्याहून जास्त काळे, शहरात ते साधारण २३%, आणि एकूण ८८% वेळा ना अटक ना समन्स, नुसतं सोडून दिलं. मग निर्दोष माणसांची तुलना गुन्हेगारांशी कशी काय करता? जज शायरा शिंडलिननी त्याच खटल्याच्या २०१३ च्या निकालात हेच विचारलंय. हत्यार सापडायचं प्रमाण तर काळ्यांमध्ये १% आणि गोऱ्यांमध्ये १.४%! प्रत्येक वेळी पोलीस एक फॉर्म भरायचे, त्यावर कारणांचे रकाने, "संशयास्पद हालचाल", "हा भाग गुन्हेगारीचा" असे, नुसती टिक करायची. फेगननी तपासलं तर भागात गुन्हे जास्त असोत की कमी, त्या दुसऱ्या रकान्यात टिक साधारण तेवढीच. कसला डोंबलाचा संशय मग हा.

आता "शहर बुडालं" बघू. १९९० मध्ये २२०० च्या वर खून झाले होते, २००२ पर्यंत ते ६०० च्या आत आले, तेव्हा अशा अडवणुकी वर्षाला लाखाच्याही आत होत्या. त्या पुढे वाढत वाढत २०११ ला ६ लाख ८५ हजारांवर गेल्या. मग एकदम आपटल्या, २०१४ ला ४६ हजारांच्या आसपास, आणि खून? ५१५ वरून ३३३. २०१७ ला तर ३०० च्या आत. २०२० ला वाढले हे खरं, पण ते अख्ख्या अमेरिकेत वाढले.

आणि फेगन पोलिसांच्या विरोधात आहेत म्हणणाऱ्यांनी त्यांचा सहकाऱ्यांसोबतचा २०१६ चा पेपर वाचावा, त्यात गुन्हेगारी असलेल्या ठिकाणी जास्त पोलीस लावल्यावर गुन्हे थोडे कमी झाले असंच निघालंय, फक्त त्यात उपयोग ठोस कारण असलेल्या अडवणुकीचा झाला, बाकीच्या ढीगभर अडवणुकींचा जवळपास काहीच नाही.