पाळी गेली म्हणजे हार्मोन शून्य? त्या मेसेजला उत्तर

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या मैत्रिणींपासून सिडकोतल्या भिशीपर्यंत, बायकांच्या सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: पाळी गेली की बाईचे हार्मोन शून्यावर येतात आणि शरीर आतून वाळायला लागतं. म्हणून पंचेचाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी हार्मोन प्रोफाइल करा, आकडा कमी आला तर शतावरी-जवसाचं चूर्ण घेऊन तो तिशीतल्यासारखा करा. आणि टेस्टोस्टेरॉन दिसलं तर सावध, ते पुरुषांचं! खाली चूर्णाच्या डब्याचा फोटो. मी लॅबमध्ये काम करते. हा मेसेज वाचून घाबरलेल्या बायका रिपोर्ट घेऊन माझ्याच टेबलाशी येतात.

आधी ‘शून्य’ बघू. पाळी चालू असताना एस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनांच्या गटातलं तेव्हाचं मुख्य हार्मोन, महिनाभर वरखाली होतं. पाळीच्या दिवसांत ३०-४० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, बीज सुटायच्या सुमारास २००-४००. पाळी कायमची थांबली की ते बहुतेकींत २०च्या खाली जातं, अनेकींत १०च्याही खाली. रिपोर्टवर नेमकं काय छापून येतं? ‘१०पेक्षा कमी’, शेजारी ठळक बाण खाली, आणि पलीकडच्या रकान्यात पाळी चालू असलेल्या बाईची रेंज. त्या बाणाने निम्मा घोटाळा होतो. सत्तावन्न वर्षांच्या बाईचा आकडा तिच्या सुनेच्या रेंजशी ताडला तर तो कमीच दिसणार. पाळी गेलेल्या बायकांची रेंज बहुतेक रिपोर्टांत खाली बारीक अक्षरात असते, ती वाचा. आणि ‘१०पेक्षा कमी’ म्हणजे शून्य नाही. इतक्या खाली नेहमीच्या मशीनला ४ आणि ९ यांतला फरक धड कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय एस्ट्राडिओल म्हणजे सगळं इस्ट्रोजेन नव्हे. पाळी गेल्यावर मुख्य इस्ट्रोजेन असतं इस्ट्रोन. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या कच्च्या मालापासून ते मुख्यतः चरबीत तयार होतं. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये ते मोजतही नाहीत. वजन जास्त असेल तर ते जास्त बनतं, आणि त्याचं कौतुक करायला नको. पाळी गेल्यानंतरच्या लठ्ठपणाने गर्भाशयाच्या अस्तराचा आणि स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, त्यात याचाही हात आहे. गंमत म्हणजे साठीतल्या आजोबांच्या रक्तात आजींपेक्षा जास्त एस्ट्राडिओल असतं. आजोबांना कुणी काढा पाजत नाही.

टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं, हे तर साफ चूक. दोन्ही एकाच मापात मोजले तर तरुण बाईच्या रक्तातही बहुतेक दिवस एस्ट्राडिओलपेक्षा टेस्टोस्टेरॉनच जास्त निघतं. पाळी थांबल्यावर ते एकदम कोसळत नाही. ते विशीपासूनच हळूहळू उतरत आलेलं असतं, आणि पाळी गेल्यावरही अंडाशय ते थोडंफार बनवत राहतं. ऑपरेशन करून दोन्ही अंडाशयं काढली असतील तर मात्र ते झटक्यात उतरतं. हनुवटीवर चार केस आले तर त्याचं कारण बहुधा इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन यांच्यातला तोल बदलणं हे असतं, टेस्टोस्टेरॉन वाढणं नव्हे. पण काही महिन्यांतच दाट दाढी-मिशा, घोगरा आवाज असं झालं तर घरी चर्चा न करता डॉक्टर गाठावा.

आता दर सहा महिन्यांच्या प्रोफाइलबद्दल. यात आम्हा लॅबवाल्यांचाच फायदा आहे, तरी सांगते, गरज नाही. पंचेचाळिशीनंतर सलग १२ महिने पाळी आली नाही, दुसरं काही कारण नाही, तर पाळी गेल्याचं निदान झालं. ते करायला रक्त लागत नाही. पाळी मागेपुढे होत असतानाच्या काळात तर एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं, पाळी गेल्यावर वाढलेलं दिसणारं हार्मोन) आज ६० आणि पुढच्या महिन्यात १२ येऊ शकतं. चाळिशीच्या आत पाळी गेली तर तपासणी हवीच. पिशवी काढलेली असेल, अंडाशयं ठेवलेली असतील आणि काही कळेनासं झालं असेल, तर कधीकधी तिचा उपयोग होतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. काही मशीनांवर त्याने एस्ट्राडिओल खोटं जास्त आणि एफएसएच खोटं कमी येतं.

चूर्णाचं काय? अंडाशयातली बीजं संपत आली म्हणून इस्ट्रोजेन घटतं, आणि संपलेली बीजं कुठलंही चूर्ण परत आणत नाही. जवस चटणीत चांगलं लागतं, जरूर खा.

मुळात आकडा तिशीत नेणं हा उपचाराचा हेतूच नसतो. अंगातून वाफा येणं, रात्री घामाने झोप मोडणं, योनीचा कोरडेपणा, यांनी हैराण असाल तर औषधं आहेत, आणि ती त्रास पाहून ठरतात. ‘हार्मोनची गोळी म्हणजे कॅन्सर’ ही भीती २००२ साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या चाचणीतून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळीही एका ठरावीक मिश्रणाची होती. पन्नाशीतल्या, त्रास असलेल्या, बाकी धडधाकट बाईचा हिशेब वेगळा निघतो. तो स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर मांडायचा.

आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा साधा डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.