‘चार महिन्यांत प्लेट तुटली, माल हलका’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या हॉस्पिटलला दिलेला तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत. गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडाला बसवलेली प्लेट चार महिन्यांत तुटली, म्हणजे माल हलका. पैसे टायटॅनियमचे घेतले आणि टाकलं स्टील, असं एका फॅब्रिकेशनवाल्याने तुकडे बघून सांगितलं. आणि दुसऱ्या ऑपरेशनात कंबरेचं हाड उगाच काढून बिल फुगवलं. पेशंटची फाइल इथे उघडता येत नाही, म्हणून तुम्ही स्वतः लिहिलंत तेवढ्यावरच बोलतो.

आधी टायटॅनियमचं, कारण ते एका दुपारीत मिटतं. चुंबकाने काही कळणार नाही. इम्प्लांटचं ३१६एल स्टील आणि टायटॅनियम, दोन्हींना चुंबक धरत नाही. रंगावरही जाऊ नका. वजनावरून मात्र नक्की कळतं, आणि जळगावात सराफांना काय तोटा! दोन्ही तुकडे आधी हवेत तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोला. स्क्रू बाजूला ठेवा. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. ४.४ च्या आसपास आलं तर टायटॅनियम, ८ च्या आसपास आलं तर स्टील. सोबत बिलाला लावलेल्या स्टिकरवरचा लॉट नंबर आणि प्लेटवर कोरलेला नंबर जुळवून बघा. जुळला नाही तर आमच्याशी हुज्जत घालत बसू नका, सरळ अन्न व औषध प्रशासनाकडे जा.

पण टायटॅनियम म्हणजे न तुटणारं, हा समज चुकीचा आहे. ते स्टीलपेक्षा जवळपास दुपटीने लवचीक असतं, म्हणून अशा फ्रॅक्चरला वापरतात. थोडी हालचाल मिळाली की हाडाभोवती नवं हाड धरतं. तुटलेली कड उजेडात धरून भिंगाने पाहा. एका दणक्यात तुटली असती तर प्लेट आधी वाकली असती आणि कड ओढल्यासारखी, खरबरीत दिसली असती. प्लेट सरळ, कड बरीचशी गुळगुळीत आणि तिच्यावर शिंपल्यावर असतात तशा रेघा दिसल्या, तर धातू थकून तुटला आहे. तूट बहुतेक फ्रॅक्चरच्या समोरच्या रिकाम्या भोकातून जाते. तिथे धातू कमी आणि वाकणं जास्त. दिवसाला २,००० पावलं धरली तर त्या पायावर १,००० पडतात, तीन महिन्यांत ९०,०००. प्रत्येक पावलाला प्लेट केसभर वाकते. हाड जुळत आलं की भार हाड घेतं आणि प्लेटवरचा ताण सुटतो. हाड जुळलंच नाही, तर परदेशी, महागडी प्लेटसुद्धा कधी ना कधी तुटते.

म्हणून खरा प्रश्न मालाचा नाही, हाड का जुळलं नाही हा आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर जोरात धडकलेल्या मोटारसायकलींचे पेशंट आमच्याकडे येतात. त्यांच्या गुडघ्याजवळचं हाड दोन तुकड्यांत मोडत नाही, त्याचा चुरा होतो, आणि आतल्या बाजूला पोकळी राहते. प्लेट बाहेरच्या बाजूला असते, त्यामुळे आतून आधार नसला की सगळं वाकणं तिच्यावर. त्यात तंबाखू-चुना, मशेरी, विडी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. वाढलेली साखर. आत दबून राहिलेला जंतुसंसर्ग, ज्यात ताप येईलच असं नाही. आणि लवकर टाकलेलं वजन: दुखत नाही म्हणून वॉकर सुटतो, पेशंट उकिडवा बसतो, केळीच्या बागेत जाऊन येतो. दुखणं थांबणं म्हणजे हाड जुळणं नव्हे.

डॉक्टरचा हातही तपासायलाच हवा. चुऱ्याच्या फ्रॅक्चरला प्लेटची लांबी चुऱ्याच्या भागाच्या दोन ते तीन पट हवी. सगळी भोकं स्क्रूने भरलेली नसावीत, साधारण निम्म्याहून कमी भरावीत, आणि फ्रॅक्चरजवळची दोन-तीन रिकामी हवीत. फ्रॅक्चरला अगदी लागून दोन्हीकडून स्क्रू ठोकले की सगळा ताण एका इंचात गोळा होतो. पाय आतल्या बाजूला कललेला नसावा. हे एक्स-रेवर कोणताही हाडांचा डॉक्टर दोन मिनिटांत मोजून सांगेल.

आता कंबरेचं हाड. नुसती प्लेट बदलून भागत नाही. न जुळलेल्या फटीत कडक चिवट तंतू भरलेले असतात. तिथे नवी प्लेटही त्याच वाटेने जाते. आधी जुने स्क्रू काढावे लागतात, आणि वेळ तिथेच जातो. लॉकिंग स्क्रूचं, म्हणजे प्लेटच्या भोकातल्या आट्यांत घट्ट बसणाऱ्या स्क्रूचं, डोकं टायटॅनियमच्या प्लेटमध्ये जाम होतं, खाच झिजली तर डोकं ड्रिल करून उडवावं लागतं, हाडात अडकलेला दांडा पोकळ ड्रिलने कोरून काढावा लागतो. मग अँटिबायोटिक देण्याआधी वेगवेगळ्या जागांहून आतल्या ऊतींचे पाच तुकडे कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, जातात. हळू वाढणारे जंतू दिसायला चौदा दिवस लागतात. फट रक्त दिसेपर्यंत खरवडायची, कंबरेच्या हाडाचा मऊ, मगजाचा भाग काढून त्यात भरायचा, आणि आतून दुसरी प्लेट किंवा रॉडचा आधार द्यायचा. त्या मगजात जिवंत पेशी असतात. बाजारातल्या कृत्रिम हाडात त्या नसतात, आणि ते विकत घ्यावं लागतं. बिल वाढवायचं असतं तर तेच वापरलं असतं. काही आठवडे पायापेक्षा कंबर जास्त दुखते, तेवढं खरं.

दराबद्दल थोडक्यात. गुडघ्याच्या सांधेरोपणाला सरकारने २०१७ साली कमाल किंमत बांधून दिली. प्लेट-स्क्रूला तशी नाही, पण छापील एमआरपी वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. स्टिकरवरची किंमत आणि बिलातली रक्कम शेजारी ठेवा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हाडांचा विभाग आहे. मोबाइलवरचे फोटो नेऊ नका. पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे न्या, समोरून आणि बाजूने, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडी आलेले. सोबत दोन्ही ऑपरेशन नोट, कल्चरचा अंतिम रिपोर्ट आणि प्लेटचे तुकडे. फाइलची प्रत लेखी अर्ज केल्यावर काउंटरवर मिळेल.

— संचालक