‘फुकट खेळला असता तर?’ : मेस्सीच्या निरोपाबद्दलचा एक हट्टी गैरसमज

लिओनेल मेस्सीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की २०२१ मध्ये मेस्सीने पैशासाठी बार्सिलोना हा स्पेनमधला फुटबॉल क्लब सोडला, आदल्याच वर्षी तो जायला निघाला होता, क्लबकडे नव्या खेळाडूंसाठी पैसे होतेच आणि क्लबवर खरे प्रेम असते तर तो फुकट खेळला असता. या चार विधानांपैकी फक्त दुसऱ्यात तथ्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ऑगस्ट २०२० मध्ये बायर्न म्युनिककडून ८-२ असा मानहानिकारक पराभव झाल्यानंतर मेस्सीने क्लब सोडण्याची लेखी नोटीस दिली होती, हे खरेच आहे. त्याच्या करारात हंगामाअखेर मोफत जाण्याची मुभा होती. परंतु तिची मुदत १० जूनला संपली, आता ७० कोटी युरो मोजल्याशिवाय सुटका नाही, असे क्लबचे म्हणणे होते. क्लबला न्यायालयात खेचायचे नाही म्हणून तो थांबला. तथापि मार्च २०२१ मध्ये ज्योआन लापोर्ता अध्यक्ष झाले, नव्या कराराची बोलणी झाली आणि मेस्सी राहायला तयार होता. आदल्या वर्षीच्या रागावरून पुढच्या वर्षीचा निर्णय ठरवणे म्हणजे मधले सगळे बारा महिने पुसून टाकणे होय.

पैशाच्या आरोपामागे बहुधा ‘एल मुंदो’ या स्पॅनिश दैनिकाने जानेवारी २०२१ मध्ये छापलेला ५५.५ कोटी युरोंचा आकडा असतो. तो जुन्या, चार वर्षांच्या कराराचा आणि सर्व बक्षिसे धरून कमाल आकडा होता. नव्या करारासाठी मेस्सीने निम्म्या पगाराला होकार दिला होता.

मग गाडे अडले कुठे? ला लिगा, म्हणजे स्पेनची अव्वल फुटबॉल लीग, प्रत्येक क्लबला त्याच्या उत्पन्नानुसार पगारखर्चाची मर्यादा आखून देते आणि ती ओलांडलेल्या क्लबला नव्या खेळाडूची मुक्तपणे नोंदणी करता येत नाही. तेव्हा अशा क्लबला वाचवलेल्या दर चार युरोंमागे जेमतेम एकच युरो खर्चता येत असे. मेस्सीचा करार ३० जूनला संपल्यामुळे, एकवीस वर्षे क्लबमध्ये काढूनही, नियमाच्या लेखी तो नवा खेळाडू ठरला. लापोर्तांनीच सांगितले की मेस्सीला धरून पगारखर्च उत्पन्नाच्या ११० टक्के होत होता आणि त्याला वगळूनही तो ९५ टक्के उरत होता. म्हणजे घर आधीच कलले होते. ५ ऑगस्टला क्लबने निरोपाची घोषणा केली आणि १० ऑगस्टला मेस्सीने पॅरिसमध्ये सही केली.

नव्या खेळाडूंचे म्हणावे, तर मेम्फिस डिपाय, एरिक गार्सिया आणि सर्हियो अग्वेरो हे तिघेही हस्तांतरण शुल्काविना, म्हणजे जुन्या क्लबला काही न मोजता, आले होते आणि मेस्सी गेला त्या दिवशी त्यांचीही नोंदणी झालेली नव्हती. बार्सिलोनाचाच खेळाडू जेरार्ड पिकेने पगार कमी करून घेतल्यावर हंगामाच्या पहिल्या सामन्यापूर्वी डिपाय आणि गार्सिया नोंदले गेले. अग्वेरोला त्याहूनही जास्त थांबावे लागले.

राहिला प्रश्न फुकट खेळण्याचा, आणि तो मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. मेस्सी शेवटच्या क्षणी फुकट खेळतो म्हणेल अशी आशा होती, असे लापोर्ता ऑक्टोबर २०२१ मध्ये बोलून गेले. त्यावर, आपल्याला तसे कोणी विचारलेच नव्हते, असे मेस्सीने स्पष्ट केले. निम्मा पगार सोडणाऱ्याकडून उरलेला निम्माही मागायचा, तोही त्याला न विचारता, हा कुठला हिशेब? जाब विचारायचाच असेल तर ऑक्टोबर २०२० चा विचारावा. त्या महिन्यात तेव्हाचे क्लब अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेऊ यांच्या कार्यकारिणीने पिके, टेर स्टेगन, डी योंग आणि लांग्ले यांचे करार वाढवले, पगाराचा बराच भाग पुढच्या हंगामांवर ढकलला आणि आठवड्याभरातच राजीनामा दिला.