फुल्यांचं आधार

आधारची झेरॉक्स कुणाच्याही हातात देऊ नका, अशी सूचना २०२२ च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्याच एका कार्यालयाने काढली होती. दोन दिवसांत ती मागेही घेतली. पण माझ्या डोक्यात शिरलेला किडा काही बाहेर आला नाही. तेव्हापासून मी फक्त 'मास्क्ड' आधार देतो. बारापैकी आठ आकड्यांच्या जागी फुल्या, शेवटचे चार तेवढे उघडे.

परवा सोसायटीने पार्किंगच्या स्टिकरसाठी आधार मागितलं. (स्कूटरला आधार कशाला, ते विचारायचं नसतं.) गेलो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे.

"व्हॉट्सॅप करा," तो मान वर न करता म्हणाला.

त्याच्या स्क्रीनवर आमची अख्खी गल्ली पसरली होती. कुणाची सॅलरी स्लिप, कुणाचं भाडेकरारपत्र, तळमजल्यावरच्या आजोबांचा शुगरचा रिपोर्ट. आजोबा मला रोज 'गोड बंद केलंय' म्हणून सांगतात. रिपोर्टचं म्हणणं वेगळं होतं. बघू नये म्हणतात, पण स्क्रीन माझ्याच बाजूला वळवलेली, मी तरी काय करणार!

"साहेब, पासवर्ड मागतोय."

ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. मी काउंटरवर वाकून कुजबुजलो.

"काय? मशीन चालू आहे, मोठ्याने बोला!"

"एस, ए, एन, जे... एकोणीसशे चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी?" मागून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. हातात भाचीची मार्कशीट. "अरे, तुझ्या आईने आमच्या धाकटीच्या वेळी तुझी पत्रिका दिली होती, त्यात सत्त्याऐंशी होतं ना?"

रांगेतले चारही जण आता माझ्याकडे बघत होते.

"छपाईची चूक असेल, काकू."

"हाताने लिहिलेली होती. अठ्ठावीस गुण जुळले होते. मग आम्ही जुळवले ते कुणाचे?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

प्रिंट घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरने कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "नंबर नीट आला नाहीये. फुल्या पडल्यात. शाई संपली असेल त्याची. पूर्ण नंबराचं आणा." मी त्याला मास्क्ड म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. पूर्ण आणा."

परत दुकानात. माझा चेहरा बघूनच झेरॉक्सवाल्याने ओळखलं.

"फुल्यांचं घेत नाही ना कोणी? थांबा, तुमचं पूर्णवालं आहे माझ्याकडे. गॅस कनेक्शनच्या वेळी दिलेलं. तुम्ही आठ वर्षांपूर्वी फार बारीक होतात हो!"

पहिली प्रत फिकी आली. ती त्याने बाजूला सारली, दुसरी काढून मला दिली. मग फिकी उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूवर काकूंचा हिशेब मांडला, सहा झेरॉक्स, एक लॅमिनेशन, आणि कागद त्यांच्या हातात ठेवला.

काकूंनी हिशेब पाहिलाच नाही. कागद उलटा केला, चष्मा लावला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.