‘शकुंतला’ ब्रिटनच्या मालकीची नाही

“भारतातली एक रेल्वे आजही ब्रिटिशांची आहे, सरकार दरवर्षी 1 कोटी 20 लाख रुपये लंडनला भरतं,” हा संदेश विदर्भातल्या ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेच्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाचे फोटो लावून फिरतो.

आधी मालकी. रूळ सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. ती उभी केली किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनं. पण कंपनीची नोंदणी मुंबईची, आणि स्वातंत्र्यानंतर पेढीही भारतीयांच्या हाती आली. मार्ग खासगी होता, एवढंच खरं. ब्रिटन सरकारचा तो कधीच नव्हता. पैसे जायचे ते करारापोटी: रूळ कंपनीचे, गाड्या चालवणार जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि पुढे मध्य रेल्वे, त्याबदल्यात कंपनीला मोबदला.

“1951 मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण करताना सरकार हा मार्ग विसरलं” हेही चूक. छोट्या कंपन्यांचे मार्ग तेव्हा आपोआप सरकारजमा झाले नाहीत. बार्शी लाइट रेल्वे 1954 मध्ये रीतसर विकत घ्यावी लागली. पुलगाव–आर्वी मार्गही याच कंपनीचा होता, त्यामुळे ‘एकुलती एक खासगी रेल्वे’ वगैरे सोडून द्या. आणि गाडी शेवटपर्यंत वाफेवर चालली असंही नाही: मँचेस्टरला बनलेलं 1921 चं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 लाच निवृत्त झालं; पुढची सगळी वर्षं डिझेलची.

मग गाडी बंद पडून स्थानकं ओस का पडली? उत्तर मूर्तिजापूरच्या फलाटावर सापडतं. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, मुंबईच्या मार्गाचं 1676. अरुंद डबा पुढे जाऊच शकत नाही. कापसाची प्रत्येक गाठ (आजच्या मापानं 170 किलो) एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) दारातून थेट बंदरात जाणाऱ्या ट्रकला ही हमाली लागत नाही. माल तिथेच तुटला. त्यात खालची काळी माती: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, रुळांची पातळी हलते. स्लीपरखाली (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांखाली) पुन्हा पुन्हा खडी ठासली नाही तर वेग कमी करावाच लागतो. शेवटी सात जणांच्या चमूवर गाडी चालायची. तिकीट, सिग्नल, इंजिन सोडणं-जोडणं सगळं त्यांच्याकडे.

वर्धा–यवतमाळ–नांदेड या ब्रॉडगेज (रुंद रुळांच्या) मार्गाचं काम दाखवून “शकुंतला परत येतेय” म्हणतात, तेही तपासा. तो 284 किलोमीटरचा नवा मार्ग आहे. कारंजा, अंजनगावला गाडी यायची तर जुन्या मार्गाचंच रुंदीकरण व्हावं लागेल.