प्रवेश विनामूल्य, बसणे वेगळे

परवा कथकचा अख्खा कार्यक्रम मी नाट्यगृहाच्या पायरीवर, वर्तमानपत्राची पुरवणी अंथरून बघितला. त्या वेळी पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज का चढतोय ते कळेल.

पुण्यातल्या पेठेतल्या एका नाट्यगृहात सध्या महिनाभर रोज काहीतरी चालू आहे. कधी एकांकिका, कधी भारूड, कधी सतार, मूकनाट्य, लावणी, कथक, आणि शेवटच्या आठवड्यात नाट्यसंगीत. नाव घेत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचंय. बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ‘प्रवेश विनामूल्य’ आणि त्याखाली, चष्मा पुसून वाचावं लागेल अशा अक्षरांत, ‘काही जागा राखीव’.

कार्यक्रम साडेसहाचा. ऑफिसातून तडक निघून सहाच्या आत पोचले. पहिल्या दोन रांगांना सुतळी बांधून ‘निमंत्रित’ अशी चिठ्ठी अडकवलेली. ते चालायचंच. तिसऱ्या रांगेत मात्र माणूस एकच, आणि बाकी प्रत्येक खुर्चीवर वर्तमानपत्राचं एकेक पान, नीट घडी घालून ठेवलेलं. सत्तरीचे काका, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं.

“काका, इथे कुणी आहे का?”

“आहेत.”

“कुठेत?”

“येतायत. नळ स्टॉपपाशी आहेत.”

“आणि या खुर्चीवरचे?”

काकांनी पान बघितलं. “अग्रलेख. म्हणजे आमचे व्याही. त्यांना पार्किंग मिळत नाहीये.”

“मग ही कोपऱ्यातली?”

“शब्दकोडं ना? वहिनींची. त्यांना कडेचीच लागते, गुडघ्यांमुळे.”

मी क्रीडापानाकडे बोट दाखवलं. काका जरा घुटमळले. “तो मुलगा येईल किंवा नाही येणार. पण आला तर?”

मागून एका मावशींनी विचारलं, की छोट्या जाहिराती रिकाम्या आहेत का. तिथे काकांची कुणी मैत्रीण यायची होती, बिबवेवाडीहून.

मी म्हटलं, “अहो, पण साडेसहाला पाच मिनिटं आहेत.”

“म्हणूनच तर मी साडेचारला येतो,” काका म्हणाले. आणि मग, मी चांगली ऐकणारी दिसले असेन, त्यांनी शास्त्र समजावलं. रुमाल उचलून नेतात. पिशवी लोक खाली ठेवतात आणि वर बसतात. पाण्याची बाटली तर कुणीतरी पिऊनच टाकतं. पण छापील पानावर बसायला माणूस कचरतो. अंक सोळा पानी असला तर मधोमध फाडून आठ माणसं बसतात. रविवारी पुरवणीसकट बारा. “फक्त पहिलं पान वापरायचं नाही. लोक वाचायला उचलतात.”

“तुम्हाला कथक फार आवडत असेल,” मी म्हटलं. कुजकटपणे नव्हे. बरं, थोडं कुजकटपणे.

“मला?” काका खरंच दचकले. “मला त्यातलं काही कळत नाही हो. मी तिसऱ्या घंटेला निघतो. आठला जेवण असतं आमच्याकडे.”

म्हणजे हा गृहस्थ महिनाभर रोज दोन तास येऊन बसतो आणि कार्यक्रम एकही बघत नाही. त्यांच्याकडे वही होती. तारीख, प्रकार, माणसं. सतारीला सहा. एकांकिकांना चार. लावणीपुढे रेघ.

“लावणीला कुणी येत नाही तुमच्याकडचं?”

“येतात की. पण जागा धरून ठेवा असं कुणी सांगत नाही.”

यावर मला काही सुचलं नाही. काकांनी मोठ्या मनाने आतली पुरवणी काढून माझ्या हातात ठेवली. “पायरीवर बसा. दगड गार असतो. आणि पुढच्या वेळी लागली तर आदल्या दिवशी कळवा, नंबर देऊन ठेवतो.”

पुण्याला जागा धरण्याची परंपरा आहे, मला मान्य आहे. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हापासून या शहरात सतरंजी हा मालमत्तेचा पुरावा आहे. रमणबागेत असताना लोक चादरी टाकून घरी जाऊन जेवून येत; आता महोत्सव मुकुंदनगरला गेला, चादरीही गेल्या. पण तिथे निदान तिकीट काढलेलं असतं, आणि चादरीचा मालक बिहाग आणि मारू बिहाग या रागांवरून शेजाऱ्याशी भांडण्याइतका तरी तिथे असतो. पुरुषोत्तम करंडकाला, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, भरत नाट्य मंदिरात पोरं ‘आव्वाज कुणाचा’ करून छत खाली आणतात, तिथेही दाटीवाटी असते, पण ती माणसांची. पानांची नव्हे. आणि बालगंधर्व रंगमंदिरात तिकीटखिडकीवरच्या माणसासमोर खुर्च्यांचा प्लॅन असायचा, त्यावर तुमच्या डोळ्यांदेखत खूण व्हायची, की संपलं. एकदा खूण झाली की त्या जागेवर अग्रलेखही बसू शकत नसे.

तिसरी घंटा झाली. काका खरोखरच उठले, “येतो हं” म्हणाले आणि गेले. पानं तशीच.

मग दीपप्रज्वलन. समई पेटेना, म्हणून पंखे बंद केले. वातीला कापूर लावला, एका पाहुण्यांनी पेटवली, दुसऱ्या पाहुण्यांनी हात पुढे करताना विझली, फोटो राहिला म्हणून परत पेटवली. पंखे सुरू करायचं कुणालाच आठवलं नाही. शाल, श्रीफळ, मनोगत, मनोगताला उत्तर. विंगेत ती मुलगी घुंगरू बांधून उभी होती, मला पायरीवरून दिसत होती. एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासत होती, गार पडू नये म्हणून. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली ते हे गाव. इथे कथकची इतकी वर्षं तालीम झालीय, आणि नाचणारीला पाऊण तास मनोगतं ऐकत ताटकळत ठेवायचं.

सत्कार संपला आणि निमंत्रित, शाली हातावर टाकून, बाजूच्या दाराने निघून गेले. सगळेच्या सगळे. दोन रांगा मोकळ्या. मी उठले, सुतळीला हात लावला, तर बिल्ला लावलेला स्वयंसेवक धावत आला.

“तिथे नाही बसायचं, मॅडम. राखीव आहेत.”

“गेले ना ते.”

“परत आले तर?”

हे त्याने वडा खात विचारलं. पायऱ्यांवर आम्ही इतके जण बसलो होतो की आग लागली असती तर एकालाही बाहेर पडता आलं नसतं. त्याची त्याला काळजी नव्हती. पाहुणे परत येतील याची होती.

कथक मी कमरेपासून वर बघितलं. खालचं सगळं पुढच्या डोक्यांनी खाल्लं. तीनतालात तिने ततकार, म्हणजे पायांचं काम, अशी काही चढवली की आजूबाजूचे लोक बोटांवर सोळा मात्रा मोजू लागले, तीनदा घेतलेला तुकडा, म्हणजे तिहाई, समेवर, पहिल्या मात्रेवर पडली तेव्हा सगळ्यांची मान एकदम खाली गेली, आणि मी तिचे पाय नुसते ऐकले. नमस्कार करताना तिने नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेकडे बघून हात जोडले. पुढची रांग म्हणजे लाल रेक्झिन.

अग्रलेख मध्यंतरात आले. शेवटच्या भैरवीच्या आधी उठले, गाडी काढायची म्हणून. शब्दकोडं शेवटपर्यंत आलंच नाही.

नाट्यसंगीताला सासूबाईंना यायचंय. त्यांना पायरीवर बसवता येणार नाही. घरी हे सगळं रागाने सांगितलं, तर त्यांनी शांतपणे विचारलं, “त्या गृहस्थांचा नंबर घेतलास का?” नव्हता घेतला. तत्त्व म्हणून. आता तत्त्वाचं ठीक आहे, पण त्या दिवशी साडेचारला मला ऑफिसातून कोण सोडणार? आणि आमच्याकडे पेपर मोबाइलवर येतो.