नावं बदलली म्हणून बातमीची कादंबरी होत नाही

मराठवाड्यातल्या पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पत्रकाराकडं मसाला तयारच असतो, छापता न आलेल्या बातमीतली नावं बदलली की कादंबरी झाली, अरुण साधूंनी हेच केलं आणि नोकरी सोडून कादंबरीकार झाले, नाव बदललं की कायद्याची भीती नाही, आणि हे मुंबईत राहणाऱ्यालाच जमतं. तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करत लिहू पाहणारी पोरं-पोरी हे खरं धरून चालतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी नोकरीचं. साधूंची 'सिंहासन' ही कादंबरी 1977 सालची. त्या काळात साधू इंग्रजी वृत्तपत्रांत काम करत होते. फ्री प्रेस जर्नलचं संपादकपद आणि पुणे विद्यापीठातल्या वृत्तपत्रविद्या विभागाचं प्रमुखपद, दोन्ही त्यानंतरचं. म्हणजे कादंबऱ्या आल्या त्या नोकरी चालू असताना. पोटापाण्याचं लेखन इंग्रजीत आणि कादंबरी मराठीत, ही त्यांच्या कामाची वाटणी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. बातमीची वाक्यं कादंबरीत आपसूक उतरायला तिथं वावच कमी.

'नावं बदलली' हे तर मुळातच टिकत नाही. 'सिंहासन'मधला मुख्यमंत्री नेमका कोण, यावर आजही वाद रंगतात. पण 1979 चा 'सिंहासन' हा चित्रपट साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून बेतलेला आहे. एकाच खऱ्या माणसाचा तो नुसता मुखवटा असता, तर ही जोडणी जमलीच नसती.

मसाला असतो, हे खरं. पण बातमीदाराच्या वहीत जे असतं ते बातमीपुरतं असतं. ऊसतोडीचंच घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. बातमीला काय लागतं? किती कोयते गेले, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम किती, टोळी नेणारा मुकादम कोण, कारखाना कुठला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एवढी ओळ घातली की बातमी पुरी. कादंबरी या आकड्यांपाशी सुरूसुद्धा होत नाही. उचल घेतली त्या रात्री ती दोघं काय बोलली? पैसे आधी कुठं गेले, दवाखान्यात, लग्नाच्या देण्यात की दुकानदाराच्या उधारीत? म्हातारी घरी एकटी राहणार, तर शेळीला पाला कोण आणणार? पोरीची शाळा मधेच सुटणार, हे तिला कोणी सांगितलं? यातलं काहीच वहीत नसतं, कारण उपसंपादकानं ते पहिल्यांदा कापलं असतं. त्यासाठी त्याच घरी पुन्हा जावं लागतं, बातमी नसताना, वही खिशात ठेवून.

पत्रकाराला लिहिण्याची सवय असते, हा मुद्दाही अर्धाच खरा. बातमी 300 शब्दांची धरली तर 65,000 शब्दांची कादंबरी म्हणजे दोनशेहून जास्त बातम्या. पण त्या एकापुढं एक मांडून काही होत नाही. बातमीत महत्त्वाचं ते पहिल्या परिच्छेदात सांगायचं असतं. तीच सवय कादंबरीत आली की विसाव्या पानावर सगळं उघडं पडतं आणि पुढं वाचायला कारण उरत नाही. पात्रं प्रतिक्रिया दिल्यासारखी बोलतात. निवेदनात 'बळीराजा हवालदिल', 'पाण्यासाठी वणवण' शिरतं. पहिला खर्डा झाला की असे शब्द हुडकून काढा आणि प्रत्येकाच्या जागी डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट लिहा: रिकाम्या टाकीभोवती लावलेली हंड्यांची रांग, टँकर येईपर्यंत नंबर धरून बसलेली म्हातारी.

कायद्याबाबतचा सल्ला धोक्याचा आहे. बदनामीचं कलम आधी भारतीय दंड संहितेत 499 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 356 आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची असू शकते. प्रश्न नावाचा नसतो, वाचणाऱ्याला माणूस ओळखू येतो का, हा असतो. गाव, पद, बोलण्याची लकब आणि गाजलेलं प्रकरण तसंच ठेवून आडनाव तेवढं बदललं, तर मोंढ्यातला हमालसुद्धा ओळखेल. 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ तिथं ढाल ठरत नाही. म्हणून माणूसच मोडावा लागतो: तिघांचे गुण एकात, एकाचं प्रकरण दुसऱ्या धंद्यात, घटनांचा क्रम वेगळा. नाव सगळ्यात शेवटी बदलायचं.

राहिलं मुंबईचं. आसाराम लोमटे परभणीत पत्रकारिता करतात. 'आलोक' या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'तसनस' ही कादंबरी त्यानंतरची. आधी कथा, मग कादंबरी, हा क्रम नव्यानं लिहिणाऱ्यानं जरूर धरावा. पंधरा पानांच्या कथेत बातमीची भाषा कुठं डोकावली ते एका बैठकीत दिसतं. कादंबरीत ते दीडशे पानं झाल्यावर कळतं, आणि तेव्हा पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसावं लागतं.